शंभर डॉलरांची ओवाळणी

"काकू, हे शंभर डॉलर कशाला काढले होतेत तुम्ही?" अपूर्वाने लॅपटॉपवरची नजर न हलवता विचारलं.

शालनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. श्यामसुंदररावांनी छताच्या बंद पंख्याकडे पाहिलं. टिळक रोडच्या मागच्या गल्लीतलं ते दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. फायलींचे गठ्ठे खुर्च्या अडवून बसलेले आणि माणसं कडेकडेने अंग चोरून बसलेली. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, तरी शालनताईंच्या मानेला घाम आला.

"एकदाच काढलेत," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी. बाकीच्याला मी हात लावलेला नाही."

"एकदाच," अपूर्वा म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली.

अपूर्वा त्यांच्या जुन्या शेजारणीची मुलगी. आता सीए झालेली, परदेशातल्या पैशांची गुंतागुंत सोडवण्यात तिचा हातखंडा आहे असं तिची आई सगळ्यांना सांगत असे. त्या भरवशावर शालनताई घरून निघतानाच अर्ध्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं आणि त्यातला पाचशे रुपयांचा स्टँपपेपर टेबलावर सरकवला. मजकूर श्यामसुंदररावांचा होता. मार्केट यार्डात गुळाच्या आडत्याकडे छत्तीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेली असल्यामुळे कागदाची भाषा त्यांना चोख येत असे. मी, सौ. शालन श्यामसुंदर खरवंडीकर, वय अडुसष्ट, माझा दिवंगत भाऊ श्रीधर याच्या अमेरिकेतील निवृत्तीच्या खात्यावरील माझा संपूर्ण हक्क राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय त्याची एकुलती एक मुलगी स्वराली हिच्या लाभात सोडून देत आहे.

"तेवढं इंग्रजीत कर आणि पाठवून दे," शालनताई म्हणाल्या. "सही कुठे करायची ते सांग."

अपूर्वाने कागद वाचला, नीट घडी करून फोल्डरमध्ये परत ठेवला आणि लॅपटॉप बंद केला. डॉक्टर वाईट बातमी द्यायच्या आधी चष्मा काढतात, तसा.

तिने सांगितलं ते असं. श्रीधरमामांनी अठ्ठावीस वर्षं पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांचं हे खातं. त्यात आज चार लाख डॉलर आहेत. माझ्यामागे कोणाला, या रकान्यात त्यांनी पहिलं नाव बहिणीचं घातलंय, दुसरं मुलीचं. बहिणीला नको असेल तर तिला नाही म्हणता येतं. भाऊ गेल्यापासून नऊ महिन्यांत तसं लिहून द्यायचं, म्हणजे पैसे आपोआप दुसऱ्या नावाकडे जातात. ते नऊ महिने भरायला अजून आठ दिवस बाकी आहेत.

"मग झालं तर," श्यामसुंदरराव म्हणाले.

"नाही झालं, काका. नाही म्हणायचं तर त्यातलं काही घ्यायच्या आधी म्हणायला लागतं. काकूंनी ते शंभर डॉलर काढायला आधी अख्खं खातं स्वतःच्या नावावर करून घेतलं. त्या फॉर्मवर, मी हे स्वीकारते, म्हणून सही आहे. मी खातं सांभाळणाऱ्या कंपनीला विचारलं, तिथल्या एका वकिलालाही विचारलं. दोघांचं एकच उत्तर. एकदा हो म्हटलं की नाही म्हणता येत नाही."

शालनताईंना वाटलं, हिला कागद नीट कळला नाही. सही करून सोडून देणं त्यांना काही नवीन नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली वडील गेले तेव्हा शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांवरचा हक्क त्यांनी असाच सोडला होता. निबंधकाच्या कचेरीत दहा मिनिटांचं काम. सही, अंगठा, फोटो, आणि बाहेर आल्यावर श्रीधरने पाजलेला उसाचा रस. त्या खोल्या विकून त्याने न्यू जर्सीतल्या घराचा पहिला हप्ता भरला. पुण्यातल्या त्यांच्या पिढीच्या कितीतरी बहिणींनी अशी एक सही केलेली असते आणि तिच्याबद्दल पुढे कोणी अवाक्षर काढत नाही. शालनताईंच्या हिशेबी हक्क ही चीज अशीच होती. आधी आपल्या नावावर येतो, मग आपण तो सोडतो. त्यात घाई कसली?

म्हणून तर दिवाळीच्या आधी त्यांना ते सुचलं.

दर भाऊबीजेला श्रीधर शंभर डॉलर पाठवायचा. अमेरिकेला गेल्यापासून एकही वर्ष चुकलं नाही. आधी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून पाकिटात, मग बँकेतून. त्याच्या सकाळी आणि यांच्या संध्याकाळी तो लॅपटॉपसमोर बसायचा, या निरांजन घेऊन पडद्यासमोर उभ्या राहायच्या, आणि नेट अडकलं की एकच वाक्य चार वेळा बोलायच्या. मार्चमध्ये तो गेला. एकोणसाठाव्या वर्षी, गाडी लावून घरात शिरता शिरता. भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात हे शालनताईंना ठाऊक होतं, पण ती वेळ आपल्यावर येईल असं मनात आलं नव्हतं. नऊ वर्षांनी धाकटा भाऊ. त्याचे लंगोट धुतलेले हे हात.

चंद्राला ओवाळायचं ठीक, पण ओवाळणी कोण घालणार? त्यांना वाटलं, ती त्याच्याच पैशातून यावी. एवढी एकच. मग उरलेलं सगळं पोरीला सोडून देऊ. त्यांनी कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की आधी खातं तुमच्या नावावर करा. एकतीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे बसून त्यांनी लोकांना नाव, वय, पूर्ण पत्ता विचारला होता. आता त्यांनी स्वतःचं नाव, वय, पूर्ण पत्ता भरला आणि जिथे जिथे विचारलं तिथे तिथे हो म्हटलं. शंभरातले तीस अमेरिकेने कापून घेतले, बँकेने आपला वाटा घेतला, आणि पाच हजार सातशे रुपये आले. ते तबकात ठेवून गच्चीवर त्यांनी बीजेच्या चंद्राला ओवाळलं. कोर इतकी बारीक होती की वाऱ्याने विझलेलं निरांजन पुन्हा लावेपर्यंत ती समोरच्या इमारतीमागे गेली.

"भाऊबीज होती," शालनताई म्हणाल्या.

अपूर्वाने लॅपटॉप बाजूला केला. तिने पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

मग उरलं ते कसं काढायचं याचं बोलणं झालं, आणि ते अपूर्वाने पोळपाट-लाटण्याइतकं सोपं करून सांगितलं. खातं दहा वर्षांत रिकामं करायलाच हवं, तसा तिथला नियम. जे काढाल ते त्या वर्षीचं तुमचं उत्पन्न, आणि त्यावर कर तुमच्या नावावर. सगळं एकदम काढलंत तर साडेतीन कोटींतले सव्वा कोटीच्या वर करातच जातील. दरवर्षी दहावा भाग काढलात तर पाऊण कोटीत भागेल. तिथे कापलेला कर इथल्या हिशेबात धरून घ्यायचा, त्याचे फॉर्म वेगळे. ते ती भरेल, सह्या काकूंनी करायच्या.

"आणि मला आजच्या आज सगळं काढून त्या पोरीला देऊन टाकायचं असेल तर?"

"तर निदान पन्नास लाख रुपये उगाच जातील, काकू. मी तरी असा सल्ला देणार नाही."

श्यामसुंदररावांनी उभ्या आयुष्यात कोणाचा पैसाही उगाच जाऊ दिला नव्हता. मालकाच्या गुळाला लागलेल्या मुंग्यासुद्धा ते मोजून काढत, असं यार्डात म्हणत. पन्नास लाख ऐकून त्यांनी पहिल्यांदाच पंख्यावरून नजर खाली आणली.

"दहा वर्षं म्हणजे हिला अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "तोवर हिला जिवंत ठेवायचा काही फॉर्म आहे का?"

त्या दिवसापासून शालनताईंचं घर त्यांचं राहिलं नाही. बिबवेवाडीतली ती अडीच खोल्यांची जागा, त्यात दोन माणसं, एक तुळस आणि आता चार लाख डॉलर. दर दोन दिवसांनी अपूर्वाचा निरोप यायचा. पासपोर्टची प्रत पाठवा, नसेल तर काढायला टाका. भारतातच राहता याचा दाखला लागेल. पॅनवर शालन आहे आणि तिकडच्या फॉर्मवर शालिनी झालंय, ते एकच हे लिहून द्या. कंपनीचा फोन आला की यंत्रातला आवाज आधी विचारायचा, तुम्ही नक्की तुम्हीच आहात ना, आणि पुढे चार प्रश्न. शालनताईंना एकदा वाटलं, नाही म्हणून बघावं. बँकेतल्या साहेबांना कुठून वास लागला कोण जाणे, ते सुकामेव्याचा डबा घेऊन घरी आले आणि मॅडम, मॅडम करत गुंतवणुकीच्या सोळा योजना सांगून गेले. ज्या बँकेत पेन्शनच्या रांगेत त्या वीस-वीस मिनिटं उभ्या राहत, तिथला शिपाई आता उठून खुर्ची देऊ लागला. त्या बसत नसत.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एकच विचार घिरट्या घालायचा. आपण भावाच्या लेकीचं खाल्लं. कोणी तसं म्हणालं नव्हतं. पण ज्याने त्याने म्हणायच्या आधी त्यांनी स्वतःच ते स्वतःला ऐकवलं होतं, आणि आपला आवाज कोणाला बंद करता येतो? मरायचीही सोय राहिली नाही, असं त्या एकदा नवऱ्याला म्हणाल्या.

"मेलीस तर हे सगळे फॉर्म पुन्हा माझ्या नावाने सुरू होतील की काय, ते आधी अपूर्वाला विचार," श्यामसुंदरराव म्हणाले. मग बराच वेळ ते बायकोचे पाय दाबत बसले, जे त्यांनी चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात कधी केलं नव्हतं.

जानेवारीत स्वराली आली. पंचवीस वर्षांची, ऑफिसच्या कामाला बेंगळुरूला आलेली, तिथून दोन दिवस पुण्याला. एकटी अशी पहिल्यांदाच. वडिलांचं नाक आणि वडिलांचीच, बोलताना मान तिरकी करायची सवय. दारातच शालनताईंना ते बघवेना, म्हणून त्या चहाच्या निमित्ताने आत गेल्या. मुलगी गुणी होती. वरणभात मागून खाल्ला, ताट उचललं, आत्याच्या हातून घासणी काढून घेतली. पैशांचं नाव तिने काढलं नाही. ते शालनताईंना जास्तच लागलं.

शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच विषय काढला. सगळं पाठच करून ठेवलं होतं. तुझे बाबा तुझं नाव पहिलं घालायला विसरले, तो जुना फॉर्म तसाच राहिला. माझ्या हातून एक चूक झाली, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. तरी मी सगळं एकदम काढते, कर भरते, आणि उरतील ते सव्वादोन कोटी तुझ्या हवाली करते. कमी भरतील, पण या वर्षीच मोकळी होते.

स्वराली जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. तिने पाय जवळ ओढून घेतले.

"तो विसरला नाही, आत्या. तो फॉर्म जुना नाहीये. दोन वर्षांपूर्वीचा आहे, मी पाहिलाय. आई आणि बाबांचा डिव्होर्स झाला ना, तेव्हा मी त्याच्याशी बोलायचं बंद केलं होतं. दोन वर्षं. त्याचे फोन कट करायचे. त्याच दिवसांत त्याने ते चेंज केलं. फर्स्ट तू, सेकंड मी."

"रागात केलं असेल गं. राग डोक्यात गेला की तो असाच."

"असेल. बट ही डिडन्ट रिमूव्ह मी. दुसरं नाव माझं ठेवलं. मी किती वेळा ते नाव बघितलंय, माहितीये? तू नको म्हणाली असतीस तर ते माझ्याकडे त्याच्याकडून आलं असतं. बाबाकडून. आता आलं तर ते तुझ्याकडून येणार. मला पैसे नकोत, आत्या. जॉब आहे मला. मला ते त्याच्याकडून हवं होतं."

इतके दिवस शालनताई करात किती जाईल आणि पोरीला किती कमी पडेल याचीच काळजी करत होत्या. पोरीचं नेमकं काय गेलं ते त्यांना आत्ता कळलं, आणि ते कुठल्याही फॉर्मने परत येणारं नव्हतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी शंभर डॉलरांचं सगळं सांगितलं, चंद्राचंही. सांगताना त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, तिच्या पायांच्या बोटांकडे बघत होत्या.

"भाऊबीज म्हणजे ते? लॅपटॉपसमोर दिवा फिरवायचीस ते?"

"हो."

"त्या दिवशी तो ऑफिसला उशिरा जायचा," स्वराली म्हणाली. "शर्ट इस्त्री करायचा. वरती एकदम नवा शर्ट, आणि खाली पायजमाच. मला म्हणायचा, ताईला कंबरेपर्यंतच दिसतो मी."

शालनताईंना हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. स्वरालीही रडली. आतल्या खोलीत श्यामसुंदररावांनी वर्तमानपत्राचं पान उगाच मोठ्याने उलटलं. तू चुकली नाहीस असं स्वराली दोनदा म्हणाली, आणि ते मनापासून होतं. पण पैसे घेईन असं ती एकदाही म्हणाली नाही. पुन्हा विचारलं तर तिने बापासारखीच मान तिरकी करून नुसतं नको म्हटलं. ते नको कसं असतं ते शालनताईंना चांगलं माहीत होतं. श्रीधर पाच वर्षांचा असताना भेंडीला तसं नको म्हणायचा आणि मग कोणी काही करू शकत नसे.

"मग मी काय करू गं याचं?"

"मला माहीत नाही, आत्या. खरंच नाही माहीत."

म्हणजे सोडता येत नाही, देता येत नाही, आणि ठेवावंसं वाटत नाही. एकदम काढून टाकायचं ते जिच्यासाठी, तिलाच नको म्हटल्यावर पन्नास लाख जाळण्यात काय अर्थ होता? शालनताईंनी दहा वर्षांच्या कागदावर सही करायचं ठरवलं. ठरवलं म्हणायचं ते आपलं म्हणायला. दुसरी वाट उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अपूर्वाने कागद पाठवले ते स्वरालीनेच जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले. तिची गाडी अकराला यायची होती. नऊ पानं होती, अक्षर मुंगीएवढं. शालनताईंचा चष्मा त्याला पुरेना. तेव्हा स्वराली शेजारी बसली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचू लागली. दरवर्षी किती, कुठल्या महिन्यात, कर किती कापायचा. जिथे अडत होतं तिथे ती आधी इंग्रजीत पुटपुटायची आणि मग मोडक्या मराठीत सांगायची. तिच्या बोटाला तिच्या वडिलांसारखंच रुंद नख होतं.

"इथे सही. इथे फक्त इनिशियल्स. इथे तारीख, पण महिना आधी लिहायचा."

शालनताई बोट दाखवेल तिथे सही करत गेल्या. शेवटच्या पानावर एक रकाना होता, तुमच्यामागे कोणाला. तिथे बोट थांबलं. शालनताईंनी तिला न विचारता तिचं नाव लिहिलं, ठळक अक्षरात, केसपेपरवर लिहीत तसं. स्वरालीने ते वाचलं, हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने पानं एकावर एक नीट लावली आणि टाचणी टोचली.

गाडी वेळेआधीच आली. श्यामसुंदररावांनी बॅग खाली नेली आणि चालकाला कात्रजच्या बाजूने का जायचं नाही हे समजावून सांगू लागले. जिन्याच्या तोंडाशी स्वराली वाकली. नमस्कार कसा करतात ते तिला धड येत नव्हतं, तिने आत्याचे गुडघे धरले. शालनताईंनी तिला उठवून कुंकू लावलं, आणि पदराआडून काढून तिच्या हातात काहीतरी ठेवलं. माहेरची पोर घरातून निघाली की तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, म्हणून. शंभराची नोट आणि वर एक रुपया.

देता देताच त्यांच्या मनात आलं. नको म्हणाली तर?

स्वरालीने नोटेकडे पाहिलं. "हे काय असतं?"

"काही नाही. निघताना देतात."

"सगळ्यांना?"

"नाही. आपल्या मुलीला."

स्वराली नको म्हणाली नाही. तिने नोट चार पदरी घडी करून मोबाइलच्या कव्हरामागे सरकवली. रुपया तिथे मावेना. दोनदा प्रयत्न करून तिने तो मुठीत धरला आणि गाडीत बसली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत शालनताई फाटकाशी उभ्या होत्या. निरोपाला हलणारा हात त्यांना काचेतून दिसत होता. त्याची मूठ मिटलेलीच होती.